कळमन्याच्या दुकानात सर्व्हर घेताना कुठल्या फीचरला पैसे द्यायचे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. नागपूरच्या कळमना मार्केटला धान्य-मिरचीची आडत, मागे टिनाच्या शेडचं गोदाम, १४ संगणक. टॅली आणि वजनकाट्याच्या नोंदी सात वर्षं जुन्या एका डेस्कटॉपवर, तोच तुमचा सर्व्हर. मागच्या मे महिन्यात तो दोनदा बंद पडला आणि दुसऱ्यांदा टॅलीचा डेटा खराब झाला. आता डीलरने दोन कोटेशनं दिलीत. प्रोसेसर, मेमरी, डिस्क दोन्हीत जवळपास सारख्या, पण दुसरं ६० हजारांनी महाग, कारण त्यात रिमोट मॅनेजमेंट, टीपीएम (कुलपाच्या डिजिटल किल्ल्या जपणारी चिप), सिक्युअर बूट, दोन प्लॅटिनम पॉवर सप्लाय आणि १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड आहे. वडील म्हणतात, "चालून तर राहिलं होतं ना, साधंच घे." तुम्ही विचारता, या ६० हजारांत खरंच काही दम आहे का?

आहे. दुसरंच घ्या, पण त्यातल्या दोन ओळी बदला आणि एक ओळ नीट वाचून घ्या. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नागपुरात आणि आसपास मी वीसेक वर्षं हेच काम करतोय. बंद पडलेल्या ज्या सर्व्हरसाठी मला बोलावलं गेलं, त्यातल्या बहुतेकांत तो प्रसंग टाळणारं फीचर आधीपासून होतं. पैसे देऊन घेतलेलं होतं. चालू कोणी केलेलं नव्हतं.

सुरुवात रिमोट मॅनेजमेंटपासून, कारण माझ्या मते तुमचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात. खऱ्या सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक दुसरा, अगदी छोटा संगणक असतो. त्याला बीएमसी म्हणतात. एचपीईच्या मशीनवर त्याचं नाव आयलो, डेलवर आयड्रॅक, लेनोव्होवर एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. त्याला स्वतःचं नेटवर्क पोर्ट असतं. मुख्य सर्व्हर बंद असला, विंडोज लटकलेलं असलं, तरी प्लगला वीज आहे तोवर हा जागा असतो. त्यात ब्राउझरने शिरायचं आणि पंखे, तापमान, डिस्क, मेमरी यांची तब्येत बघायची. घरी बसून मशीन चालू-बंद करायचं, अगदी बायोसचा, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचा, स्क्रीनही बघायचा.

हे नसलं की काय होतं? बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका ग्राहकाकडे मी रात्री घरून विंडोजचं अपडेट टाकलं. मशीन रिस्टार्ट झालं आणि परत आलंच नाही. सकाळी सहाला निघालो, तीसेक किलोमीटर गेलो, वॉचमनकडून चावी घेतली, मॉनिटर जोडला. स्क्रीनवर एकच ओळ होती: एका पंख्याची गती कमी आहे, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. मी एफ१ दाबलं. मशीन चालू झालं. तोवर पहिल्या पाळीची डिस्पॅच दोन तास थांबली होती आणि गेटवर ट्रक उभे होते.

आता नीट वाचायची ती ओळ. तुमच्या कोटेशनमध्ये "रिमोट मॅनेजमेंट: आहे" एवढंच लिहिलंय. कुठल्या लायसन्सचं, ते विचारा. आयलोच्या साध्या लायसन्समध्ये टॉवर सर्व्हरवर रिमोट स्क्रीन ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होईपर्यंतच दिसतो. पुढे बघायचा असेल तर ॲडव्हान्स्ड लायसन्स लागतं. आयड्रॅकमध्ये रिमोट स्क्रीनसाठी एंटरप्राइज लागतं, बेसिक किंवा एक्सप्रेसमध्ये तो मिळत नाही. काही छोट्या मशीनमध्ये तर पोर्टच वेगळ्या कार्डावर येतं. एचपीईच्या मायक्रोसर्व्हर जेन१० प्लसमध्ये आयलो वापरायचं तर किट वेगळं घ्यावं लागत होतं. म्हणून "आहे" या शब्दावर जाऊ नका. लायसन्सचं नाव आणि पार्ट नंबर कोटेशनवर लिहून घ्या. डीलर "सोबतच येते" म्हणाला, तर तेच वाक्य त्याला छापायला सांगा.

लायसन्स कुठलंही असो, एक गोष्ट बहुतेक ठिकाणी फुकट मिळते आणि तीच कोणी लावत नाही: बिघाडाची मेल. गांधीबागेतल्या एका कापडाच्या पेढीत दोन डिस्कचा आरसा होता, म्हणजे रेड १. एक गेली तरी दुसरीवर काम चालतं. एक दिवस दुसरीही गेली. लॉग उघडला तर पहिली पाच महिन्यांपूर्वीच मेली होती. मशीनने आपल्या परीने सांगितलंही होतं, समोरचा नारंगी दिवा तेव्हापासून मिचमिचत होता. बिल बनवणाऱ्या मुलाच्या डोळ्यात तो टोचायचा, म्हणून त्याने त्यावर काळी टेप लावली होती. टेप अगदी नीट कापून, चौकोनी लावलेली. मला राग यायला हवा होता, पण त्या मुलाला दिव्याचा अर्थ कोणी सांगितलाच नव्हता. तेव्हा मेल लावा, ती मालकाच्या रोज उघडल्या जाणाऱ्या पत्त्यावर येऊ द्या आणि एक चाचणी मेल फोनवर आलेली बघूनच डीलरला सोडा.

रिमोट मॅनेजमेंटच्या ज्या पोर्टाची एवढी स्तुती केली, तेच तुमच्या सर्व्हरचं सर्वात धोक्याचं दार आहे. जो त्या दारातून आत शिरला तो सर्व्हर पुसू शकतो, बंद करू शकतो, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिमही चढवू शकतो. तिथे तुमचा अँटिव्हायरस पोचत नाही. आयलो ४ मध्ये २०१७ साली एक दोष सापडला होता. वेब विनंतीच्या एका हेडरमध्ये इंग्रजी मोठा ए हे अक्षर २९ वेळा लिहिलं की पासवर्डशिवाय आत प्रवेश. हॅकरला यापेक्षा कमी कष्ट पडूच शकत नाहीत. कंपनीने फर्मवेअर, म्हणजे चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर, दुरुस्त केलं, पण त्यानंतर कित्येक वर्षं मला दुरुस्ती न केलेली मशीनं दिसत राहिली. बीएमसीशी बोलायचा जुना आयपीएमआय २.० प्रोटोकॉल तर रचनेतच कच्चा आहे. पासवर्ड तपासण्याआधीच तो त्या युजरच्या पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचं गणिती रूप, समोरच्याच्या हातात देतो आणि समोरचा तो घरी नेऊन निवांत फोडू शकतो.

म्हणून या पोर्टाबाबत माझे नियम कडक आहेत. इंटरनेटवरून थेट पोचता येईल असं ते कधीही ठेवायचं नाही, राउटरमध्ये त्यासाठी पोर्ट फॉरवर्ड करायचं नाही. बाहेरून बघायचं असेल तर आधी व्हीपीएन, म्हणजे दुकानाच्या नेटवर्कमध्ये शिरायचा कुलूपबंद रस्ता. आयपीएमआय बंद, त्याची जागा घेणारा रेडफिश २०१५ पासून उपलब्ध आहे. आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. डेलच्या जुन्या मशीनवर रूट आणि कॅल्विन ही जोडी जगाला पाठ आहे. नव्यांवर वेगळा पासवर्ड चिठ्ठीवर छापून येतो, पण ती चिठ्ठी बाहेर ओढली की दिसते. तुमच्या दुकानात हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत दिवसभर पन्नास माणसं येतात-जातात, हे ध्यानात ठेवा.

टीपीएम आणि सिक्युअर बूट. यांचा डीलर लोक फार गाजावाजा करतात, तेव्हा ते काय करतात आणि काय करत नाहीत हे सांगतो. सिक्युअर बूट म्हणजे चालू होताना फक्त सही असलेलाच कोड चालू देणं. एचपीईने जेन१० पासून, म्हणजे २०१७ पासून, ही तपासणी आणखी खाली, आयलोच्या चिपपर्यंत नेली. फर्मवेअरमध्ये कोणी फेरफार केला तर मशीन ते ओळखतं. चांगली सोय आहे, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, चालू ठेवा. फक्त मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या सिक्युअर बूट प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपते. डीलर गोदामात पडलेलं जुनं मशीन देत असेल, तर बायोस नवीनतम करूनच ताब्यात घ्या.

टीपीएमचा तुमच्यासाठी खरा उपयोग विंडोजमधल्या बिटलॉकर या डिस्कच्या कुलपाला. डिस्कवरचं सगळं कुलूपबंद राहतं. कोणी मशीन उचलून नेलं, किंवा वॉरंटीत खराब डिस्क परत द्यावी लागली, तर तुमची उधारी-वसुलीची वही बाहेर जात नाही. आडतीच्या धंद्यात कोणाकडे किती अडकलेत, ही माहिती धान्याइतकीच किमती असते, हे मी तुम्हाला काय सांगू.

पण एक प्रसंग ऐका. एका ग्राहकाचा मदरबोर्ड वॉरंटीत बदलला. नवा बोर्ड म्हणजे नवं टीपीएम. बिटलॉकरने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. मी विचारलं, की कुठे आहे? ते म्हणाले, "सेव्ह करून ठेवली आहे ना, डेस्कटॉपवर." कुठल्या डेस्कटॉपवर? त्याच सर्व्हरच्या. तिजोरीची चावी तिजोरीत. बॅकअप होता म्हणून निभावलं, तरी तीन दिवस गेले. की कागदावर छापा, दोन प्रती काढा. एक दुकानाच्या तिजोरीत, एक घरी.

हे सगळं चालू असूनही रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, येऊ शकतं, कारण ते पुढच्या दारातून, तुमच्याच माणसाच्या नावाने येतं. आपल्याकडे त्याचा सगळ्यात नेहमीचा रस्ता म्हणजे रिमोट डेस्कटॉप. मुलाला पुण्याहून टॅली बघायची असते, कोणीतरी राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून देतं आणि पासवर्ड असतो दुकानाचं नाव आणि १२३. असं पोर्ट इंटरनेटवर तासाभरातही कोणाच्या तरी नजरेस पडतं. दुसरा रस्ता शेअर केलेला टॅलीचा फोल्डर. चौदापैकी कुठल्याही एका संगणकावर कोणी चुकीची मेल उघडली, की त्या संगणकाला जे फोल्डर लिहिता येतात ते सगळे जातात आणि टॅलीचा फोल्डर सगळ्यांनाच लिहिता येत असतो. मे २०१७ चं वॉनाक्राय आठवत असेल. त्याने वापरलेल्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती.

त्यामुळे सुरक्षेसाठी वेगळा खर्च करायचाच असेल, तर तो बॅकअपवर करा. दोन बाहेरच्या डिस्क, एक दिवस ही, एक दिवस ती, आणि जी वापरात नाही ती काढून घरी. जोडलेली राहिली तर तीही जाते. शिवाय एक प्रत दुसऱ्या एखाद्या स्टोरेजच्या पेटीत, जिने सर्व्हरकडून डेटा स्वतः ओढून घ्यायचा. सर्व्हरला तिचा पासवर्ड माहीतच नको. तुमची पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने लागतात, म्हणजे जुन्या डेस्कटॉपची डिस्क भंगारात घालू नका. हल्ला झालाच, तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तिला ६ तासांत कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवसांचे असावे लागतात. तेवढे लॉग साठवायची सेटिंग आजच करून घ्या.

विंडोजबद्दल दोनच वाक्यं. सर्व्हर २०१६ स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, त्याचा सपोर्ट जानेवारी २०२७ मध्ये संपतो, २०२२ चा ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहे. तुमच्या १४ संगणकांना सर्व्हरसोबत येणारी इसेन्शियल्स आवृत्ती पुरते, तिच्यात २५ माणसं आणि ५० उपकरणांपर्यंत वेगळं कॅल, म्हणजे सर्व्हरला जोडण्याचं लायसन्स, लागत नाही.

आता वीज आणि उन्हाळा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नागपुरात सर्व्हर चोरीने किंवा हॅकरने जातो त्यापेक्षा मे महिन्याने जास्त जातो.

आधी प्लॅटिनमचा हिशेब करू. एक वॉट वर्षभर चालला की ८.७६ युनिट होतात. तुमच्यासारख्या कामाचा एक प्रोसेसरचा टॉवर दिवसभरात बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. प्लगच्या मीटरवर मी अशी मशीनं साधारण ४५ ते ६० वॉटवर बघतो. ५० धरा, वर्षाला ४३८ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर सव्वापाच हजार. गोल्ड, प्लॅटिनम हे ८० प्लस या पॉवर सप्लायच्या कार्यक्षमतेच्या कसोटीचे बिल्ले. तिच्यात २३० व्होल्टला गोल्ड सप्लाय निम्म्या भारावर ९२ टक्के कार्यक्षम लागतो, प्लॅटिनम ९४ टक्के. दोन टक्क्यांचा फरक. ५० वॉटवर तो झाला एक वॉट, म्हणजे वर्षाला शंभर-सव्वाशे रुपये. यात प्लॅटिनमचे जादा पैसे सर्व्हरच्या आयुष्यात निघत नाहीत.

त्यातही गोम आहे. ते आकडे २०, ५० आणि १०० टक्के भाराचे आहेत. तुमच्या कोटेशनमध्ये ८०० वॉटचे दोन सप्लाय आहेत. दोघांनी ५० वॉट वाटून घेतले, तर प्रत्येकावर २५ वॉट, म्हणजे ३ टक्के भार. तिथे प्लॅटिनम काय देतो हे त्या बिल्ल्यावर लिहिलेलंच नसतं. १० टक्क्यांची अट त्याच्या वरच्या टायटॅनियमपासून सुरू होते. दहा टनी ट्रकमध्ये एक पोतं घेऊन इतवारीला जावं, तसं आहे हे. म्हणून पहिली बदलायची ओळ ही: त्या मॉडेलमध्ये मिळणारा सर्वात लहान सप्लाय घ्या. दोन ठेवायचे तर ठेवा, उष्णतेत सप्लाय जातात, पण मग एकाला झोपवून दुसऱ्यावर भार टाकणारी सेटिंग चालू करा. डेलमध्ये ती हॉट स्पेअर नावाने असते, एचपीईत हाय एफिशियन्सी मोड नावाने. आणि दोघांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावू नका, मग दोन असण्याला अर्थ काय? दुसरी ओळ १० गिगाबिट कार्डाची, ती सरळ काढा. तुमचा स्विच १ गिगाबिटचा आहे. ते कार्ड वीज खाईल, गरम होईल आणि कुठे जोडलेलंच नसेल.

खरी बचत खोलीत आहे. तुम्ही लिहिलंय की सर्व्हर पोटमाळ्यावर आहे, वर टिन आहे आणि त्याच्यासाठी दीड टनाचा एसी रात्रंदिवस चालतो. हिशेब करा: एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढायची ताकद. तुमचा सर्व्हर ५०, कामात असताना ८० वॉट सोडतो, खुर्चीत बसलेल्या एका माणसाइतकी उष्णता. एसी सर्व्हरला थंड करतच नाहीये, तो टिनाला थंड करतोय. सर्व्हर खाली आणा, उत्तरेकडच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, जिथे स्लॅब आहे. माझ्या ग्राहकांमध्ये ज्यांनी एवढं केलं, त्यांचा एसीचा खर्च कुठल्याही प्लॅटिनमपेक्षा जास्त वाचला.

बहुतेक सर्व्हरची साधी मर्यादा आत जाणाऱ्या हवेच्या ३५ अंशांची असते. ही ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची ए२ वर्गवारी. ए३ ची ४०, ए४ ची ४५. काही मॉडेलं ४० चालवून घेतात, ते माहितीपत्रकात बघा. बीएमसीमध्ये आत जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं आणि त्याचा आलेखही. एप्रिलमध्ये आठवडाभर तो बघा. एका दालमिलमध्ये मी दुपारी दोनला ४१ पाहिलंय, तेही एसी "चालू" असताना. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात आणि जाळी तुरीच्या फोलपटाने बुजलेली.

तापमान वाढलं की पंखे पळतात आणि पंख्याची वीज गतीच्या घनाने वाढते. गती २० टक्क्यांनी कमी करता आली, तर पंख्याची वीज निम्म्यावर येते. म्हणून बायोसमधली पॉवर प्रोफाइल आली तशी, कामाप्रमाणे कमी-जास्त होणारी ठेवा. काही डीलर "फास्ट करून देतो" म्हणून कमाल कामगिरीवर टाकतात. तुमच्या टॅलीला त्याने काडीचा फरक पडत नाही, खोली मात्र तापते.

कूलर लावू नका. हे ठळक लिहितो कारण नवतपा लागला की हमखास कोणीतरी खिडकीतला कूलर सर्व्हरकडे वळवतं. कूलरची हवा ओली असते आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. दोन उन्हाळ्यांत बोर्डवर पांढरट थर बसतो. त्यात तुमच्याकडे मिरची. कळमन्यातल्याच एका दुकानात मी सर्व्हरचं झाकण उघडलं आणि पुढची दहा मिनिटं आम्ही तिघं फक्त शिंकत होतो. हीटसिंकच्या पात्यांमध्ये लाल पूड ओलाव्याने घट्ट बसली होती, हिंगासारखी खरवडून काढावी लागली. साफ करताना मशीन बाहेर अंगणात न्या आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती पेन्सिलने अडवून धरा, गरगर फिरली की बेअरिंग जातं.

यूपीएस. तुमचा डेटा खराब झाला तो बहुधा इथेच. यूपीएस होता, तासभर चालला, मग बॅटरी संपली आणि सर्व्हर धाडकन बंद. यूपीएससोबत एक यूएसबी केबल येते. ती जोडून सॉफ्टवेअर टाकलं की बॅटरी संपत आल्यावर विंडोज व्यवस्थित बंद होतं. माझा अनुभव असा की दहापैकी सात ठिकाणी ही केबल खोक्यात, प्लॅस्टिकसकट सापडते. जोडल्यावरही एक बारीक अडचण उरते. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ही सेटिंग "मागच्या स्थितीत" असेल, तर व्यवस्थित बंद झालेला सर्व्हर बंदच राहतो. ती "नेहमी चालू" करा, वर एक-दोन मिनिटांचा उशीर द्या, कारण वीज येते-जाते-येते अशी येते. आणि विंडोज बंद झाल्यावर यूपीएसने स्वतःचं आउटपुटही बंद करायला हवं, नाहीतर मधल्या वेळात वीज आली तर सर्व्हरला कळतच नाही की ती कधी गेली होती.

आकार मोठा घेऊ नका. एका ठिकाणी ३ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस मोजला, तर तो स्वतःच जवळपास सर्व्हरइतकी वीज खात होता. शुद्ध साइन वेव्हचा, १ केव्हीए तुम्हाला पुरे. बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर सांगितलेलं असतं, त्यावर दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. पोटमाळ्यावर ठेवलेली बॅटरी दोन उन्हाळ्यांत फुगते त्यात कंपनीचा दोष नाही. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकत जा. आपली काळी माती मार्चनंतर भेगाळते, पट्टीला धरून राहत नाही. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजायला सांगा, दोन-तीनच्या वर असतील तर आधी ते काम.

मशीन आलं की पूर्ण पैसे देण्याआधी डीलरसमोर चार गोष्टी करून बघा. भिंतीतला मुख्य प्लग काढा आणि बॅटरी संपेपर्यंत चहा घेत बसा, सर्व्हर आपणहून बंद होतो का, प्लग लावल्यावर आपणहून उठतो का. चालू मशीनमधली एक डिस्क खेचा, तुमच्या फोनवर मेल येते का. घरून व्हीपीएनने बायोसचा स्क्रीन उघडा. बॅकअपमधून टॅलीची एक कंपनी दुसऱ्या संगणकावर परत चढवा आणि कालचं शेवटचं बिल त्यात आहे का बघा. डिस्क खेचायला डीलर कां-कूं करेल. "वॉरंटीचं बघा साहेब" म्हणेल. हॉट-प्लग डिस्क त्यासाठीच असते, खेचायला लावा. तुमच्या मॉडेलमध्ये ती हॉट-प्लग नसेल, तर तेही तेव्हाच कळेल.

आणि हे सगळं मार्चच्या आत उरका. मे महिन्यात फोन केलात तर मी कुठल्यातरी टिनाच्या शेडमध्ये पोर्टेबल एसीचा पाइप धरून उभा असेन, उचलू शकणार नाही.